पवईची खोती व फ्रामजी कावसजी बनाजी यांचें घराणें

पवई हें नांव निघालें कीं हल्लींच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें तलाव, तंत्रविद्येची मोठी शिक्षणसंस्था आणि उंच इमारती उभ्या राहतात. जुन्या कागदांच्या नादांत असणाऱ्या वाचकास मात्र फ्रामजी कावसजी हें नांव आठवतें, आणि त्या नांवाबरोबर आंब्यांची एक पेटी. १८३८ सालीं पवईच्या बागेंतील आंबे फ्रामजी शेटांनीं विलायतेस व्हिक्टोरिया राणीकडे पाठविले, ही गोष्ट इतक्या वेळां छापली गेली आहे कीं, पवईचा सगळा इतिहास त्या एका पेटींत बंद होऊन बसला आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ती पेटी आम्ही या लेखांत उघडणार आहोंच. पण ती बाग ज्या करारावर उभी होती तो करार, आणि तो करार ज्या व्यापाराच्या बळावर झाला तो व्यापार, यांची हकीकत आधीं सांगणें आम्हांस अधिक अगत्याचें वाटतें. सावकारी व व्यापार करणाऱ्या घराण्याचा इतिहास आख्यायिकांवरून सिद्ध होत नाहीं. त्यासाठीं कौलाच्या अटी, नांवांची फोड आणि तारखांचा ताळमेळ हीं तीन साधनें हातीं असावीं लागतात. पवईच्या बाबतींत तर या तिन्ही ठिकाणीं गफलती झालेल्या आहेत.

बनाजी घराणें मूळचें सुरतेजवळील भगवा दांडी या गांवचें. मूळपुरुष बनाजी लिमजी हे १६९० च्या सुमारास मुंबईस आले. मुंबई बेट कंपनीच्या हातीं येऊन तेव्हां पुरीं पंचवीस वर्षेंहि झालीं नव्हतीं. सुरतेचें वैभव अद्याप ओसरलें नव्हतें. तरीहि जे थोडे पारशी गृहस्थ दूरदृष्टीनें अथवा नशीब काढण्यासाठीं या रोगट बेटावर येऊन राहिले, त्यांत हे एक होते. १७०९ सालीं त्यांनीं कोटाच्या आंत बांधलेली अग्यारी आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते, आणि मुंबईंत चालू असलेल्या अग्याऱ्यांत तीच सर्वांत जुनी होय. १८०३ च्या कोटांतील भयंकर आगींत तिची हानि झाली, ती पुढें १८४५ मध्यें पुन्हां उभारली गेली. 'बनाजी' हें आडनांव या मूळपुरुषाच्या नांवावरूनच पडलें.

या वंशांत कावसजी बेहरामजी यांचे पोटीं फ्रामजी यांचा जन्म १७६७ सालीं झाला. खरशेदजी व रुस्तमजी हे त्यांचे बंधु. पैकीं रुस्तमजी १७९२ सालचे, म्हणजे वडील बंधूंपेक्षां पंचवीस वर्षांनीं लहान. हें अंतर लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मुंबईचा थोरला भाऊ आणि कलकत्त्याचा धाकटा भाऊ हे एका घरचे असले, तरी व्यापाराच्या दोन निरनिराळ्या युगांतले होते. एकाचें तारुण्य शिडाच्या जहाजांवर गेलें, तर दुसऱ्याच्या भर कर्तबगारीच्या काळांत वाफेचीं जहाजें आलीं.

आतां नांवांविषयीं थोडें लिहितों, कारण येथें भल्याभल्यांची फसगत होते. त्या काळच्या सरकारी कागदांत पारशी गृहस्थाचें स्वतःचें नांव व बापाचें नांव एवढेंच बहुधा येतें. आडनांव येत नाहीं. त्यामुळें 'कावसजी' या नांवाचा बाप असलेले सगळे एका घराण्याचे समजण्याचा मोह होतो. पवईच्या शेजारीं भांडुपच्या इलाक्याच्या हकीकतींत कावसजी माणकजी हें नांव येतें; मुंबईंत तर कावसजी पटेल यांचा तलाव प्रसिद्धच आहे, आणि फ्रामजी कावसजी यांच्या नांवाचाहि तलाव धोबीतलावाच्या भागांत होता. हे पटेल निराळ्या घराण्याचे. त्यांचा आणि पवईच्या फ्रामजींचा पितापुत्राचा संबंध जोडणें चूक आहे. अशा ठिकाणीं आमचा साधा नियम असा आहे कीं, निदान तीन पिढ्यांचीं नांवें किंवा गांवाचें नांव जुळल्याखेरीज कागद कोणत्याहि घराण्याच्या पदरीं घालूं नये.

पवईची जमीन या घराण्याकडे कशी आली हें समजण्यासाठीं साष्टीची पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. साष्टी बेट १७३७ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतलें. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहानें बेट त्यांच्याकडे कायम झालें. बेट मिळालें तरी त्यांतील पुष्कळ जमीन पडीक होती, आणि मुंबईची वस्ती तर वाढत चालली होती. तेव्हां गांवेंच्या गांवें ठराविक साऱ्यावर पैसेवाल्या मंडळींस द्यावीं, त्यांनीं स्वतःचें भांडवल घालून विहिरी, बांध, रस्ते करावे, लागवड वाढवावी, व सरकारास बिनघोर सारा मिळावा, अशी युक्ति कंपनीच्या कारभाऱ्यांनीं काढली. कुर्ला व त्याजवळचीं गांवें १८०८ सालीं होरमसजी बमनजी वाडिया यांस मुंबईंतील अपोलो बंदराजवळच्या जागेच्या मोबदल्यांत मिळालीं. बैरामजी जिजीभाई यांचा मोठा इलाका १८३० चा. पवई या मालिकेंत बरीच आधींची आहे.

पवईचा पहिला इजारदार पारशी नव्हता, तो एक स्कॉच डॉक्टर होता. १७९९ सालीं पवई, कोपरी खुर्द, तिरंदाज, साकी, पासपोली व तुंगवें हीं गांवें डॉक्टर हेलेनस स्कॉट यांस सालीना ३२०० रुपये साऱ्यावर दिलीं गेलीं. हा गृहस्थ मोठा चौकस. हिंदुस्थानांतील पोलादाचे नमुने व येथील कारागिरीची माहिती त्यानें लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविली. १८०२ मध्यें देवीची नवी लस मुंबईस पोहोंचली तेव्हां त्या कामांतहि त्याचा हात होता. तरुणपणीं त्यानें 'एका रुपयाचीं साहसें' अशा अर्थाच्या नांवाची एक कादंबरी लिहिली व ती १७८२ सालीं विलायतेंत छापली गेली, तींत एक नाणें हातोहातीं फिरत आपली कहाणी सांगतें. ज्यानें रुपयाचें चरित्र लिहिलें, त्यालाच पुढें वर्षास ३२०० रुपये मोजावे लागले, ही गंमत आम्हांस येथें नमूद केल्याखेरीज राहवत नाहीं.

या स्कॉटविषयीं एक दुरुस्ति आवश्यक आहे. पवईच्या प्रचलित हकीकतींत तो १८१६ सालीं मेला, मग सरकारनें इलाका जप्त केला व १८२९ पर्यंत आपल्याकडे ठेवला, असें लिहिलेलें आढळतें. पण स्कॉट १८१६ त वारला नाहीं. हिंदुस्थान सोडल्यावर तो विलायतेस गेला, व तेथून मुलांसह न्यू साउथ वेल्स या वसाहतीस जाण्यास निघाला असतां १८२१ च्या नोव्हेंबरांत समुद्रांतच निवर्तला. त्याचे मुलगे त्या वसाहतींत जमीनदार होऊन राहिले, व त्यांच्या चरित्रांतहि बापाचा हा मृत्यु नोंदलेला आहे. तेव्हां १८१६ हें साल पवईच्या हकीकतींत कोठें आलें तर तें मृत्यूचें साल म्हणून घेऊं नये, आणि जप्तीचें कारण मृत्यु होतें असेंहि त्यावरून ठरवूं नये. दोन निरनिराळ्या खंडांतील कागद एकमेकांस दाखविले म्हणजे अशा चुका सहज उघड होतात. पण पवईचा लेखक सहसा सिडनीचे कागद पाहात नाहीं, व सिडनीच्या लेखकास पवईचें नांवहि ठाऊक नसतें.

१८२९ मध्यें हा इलाका फ्रामजी शेटांस मिळाला. त्या वेळीं त्यांचें वय बासष्ट होतें. ज्या वयांत इतर व्यापारी वहीखातीं मुलांच्या हवालीं करून देवधर्माकडे वळतात, त्या वयांत हा मनुष्य उंसाची लागवड करण्यास निघाला! मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनीं १८३० च्या अखेरीस हुद्दा सोडण्यापूर्वीं पवई पाहिली होती. त्यांच्या टिपणांत तेथील कामांचें जें वर्णन आहे त्यावरून एक वर्षाच्या आंतबाहेर तेथें किती पैसा ओतला गेला होता याचा अंदाज येतो. विहिरी खणल्या होत्या, घरें बांधलीं होतीं, चांगला रस्ता केला होता. ऊंस, नीळ व रेशमाच्या किड्यांसाठीं तुती यांची मोठी लागवड होती. साखरेचा कारखाना व निळीचा कारखाना उभा होता. या पिकांची निवड फ्रामजी शेटांच्या लहरीची नव्हे. साखर, नीळ, रेशीम हे त्या दशकांतील सरकारी उत्साहाचे विषय होते. मुत्ती नांवाच्या इटालियन गृहस्थानें तुतीचे व रेशमाचे प्रयोग दख्खनेंत सरकारच्या आश्रयानें चालविले ते याच काळांतले. पश्चिम हिंदुस्थानची शेतकी व बागाइती मंडळी १८३० त स्थापन झाली व फ्रामजी तिचे उपाध्यक्ष होते. एकूण पवई ही सरकारच्या कल्पना व्यापाऱ्याच्या पैशानें पडताळून पाहण्याची जागा होती.

असें धाडस एक हिशेबी व्यापारी कां करतो? याचें उत्तर कौलाच्या स्वरूपांत आहे. सारा ठराविक असल्यामुळें लागवडीपासून वाढणारें उत्पन्न इलाकेदाराचें. सरकारचा वाटा वाढत नाहीं. परंतु जमीन पडीक ठेवली तर कौल देण्याचा हेतूच फसतो, म्हणून 'सुधारणा' हा केवळ परोपकार नसून तो करारांतील हक्काचा पाया होता. आज खणलेली विहीर उद्यां दाव्यांत पुरावा म्हणून उपयोगी पडते, ही गोष्ट व्यापाऱ्यास शिकवावी लागत नाहीं. समुद्रावरचा व्यापार बेभरंवशाचा, जहाज बुडालें कीं सगळें गेलें. त्या व्यापारांतला पैसा जमिनींत रोवून ठेवण्याची ही रीत त्या पिढीच्या बहुतेक शेटांनीं पत्करली होती.

या इलाकेदारांस लोक 'खोत' म्हणूं लागले व तेंच नांव पुढें छापील ग्रंथांतहि रूढ झालें. यामुळें दुसरा एक घोटाळा झालेला आहे. रत्नागिरी किंवा कुलाबा जिल्ह्याचा खोत हा वंशपरंपरेचा गांवकामगार-वजा वसूलदार. त्याचें वतन बहुधा इंग्रजी अमलापूर्वींचें, त्याचे व कुळांचे संबंध रूढीनें बांधलेले. साष्टीचा 'खोत' हा कंपनीनें कौलानें केलेला इलाकेदार, बहुधा मुंबईंत राहणारा व्यापारी. त्याचा हक्क कागदाच्या ज्या शब्दांत लिहिला असेल तेवढाच. हा भेद आम्ही उगाच शब्दच्छल म्हणून काढीत नाहीं. स्वातंत्र्यानंतर या दोहोंसाठीं दोन वेगवेगळे कायदे करावे लागले: कोंकणच्या खोतीसाठीं १९४९ चा खोती नाहींशी करण्याचा कायदा, आणि साष्टीच्या इलाक्यांसाठीं जमीनमहसुलाची माफी रद्द करणारा १९५१ चा निराळा कायदा. जो संशोधक साष्टीच्या कौलास कोंकणी खोतीची फूटपट्टी लावील, त्याचें पहिलेंच पाऊल चुकेल.

आतां आंब्यांकडे वळूं. १८३८ च्या उन्हाळ्यांत गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या कारकीर्दींत ही पेटी रवाना झाली. राणी व्हिक्टोरिया गादीवर येऊन तेव्हां वर्षहि झालें नव्हतें. मुंबईहून आंबे विलायतेस पाठविणें हें दहा वर्षांपूर्वीं वेडेपणाचें ठरलें असतें, कारण केपवरून वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजास चार-पांच महिने सहज लागत. १८३० त 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुवेझपर्यंत गेली आणि तांबड्या समुद्राच्या वाटेनें टपाल नेण्याची शक्यता सिद्ध झाली. १८३८ पर्यंत ती वाट बऱ्यापैकीं रुळली होती. म्हणजे ही पेटी आंब्याच्या गोडीपेक्षां आगबोटीच्या वेगाची अधिक साक्ष देते. शिवाय ती पवईची जाहिरात होती. बागेंत काय पिकतें व तें किती लांब पोहोंचूं शकतें, हें ज्या सरकारच्या कौलावर बाग उभी होती त्याच सरकारच्या राणीला दाखविणें, यांत फ्रामजी शेटांची हुषारी आहे. चरित्रकारांनीं ही गोष्ट राजनिष्ठेच्या सदरांत घातली. आम्ही ती व्यापाराच्या सदरांतहि घालूं.

या बागेमागील पैशाविषयीं घराण्याचीं चरित्रें मोघम बोलतात. फ्रामजींचें चरित्र खुशरू नवरोजी बनाजी या त्यांच्याच वंशजांनीं १८९२ सालीं इंग्रजींत छापलें. तें उपयुक्त आहे, पण घरच्या मनुष्यानें लिहिलेलें आहे हें विसरतां कामा नये. 'चीनचा व्यापार' असा एक सभ्य शब्द त्या पिढीच्या सर्व चरित्रांत येतो. कलकत्त्यास गेलेल्या धाकट्या बंधूंच्या बाबतींत मात्र पडदा राहात नाहीं. रुस्तमजी कावसजी हे कलकत्त्याचे मोठे जहाजमालक झाले. १८३१ सालीं हावड्यास बांधलेलें त्यांचें 'सिल्फ' नांवाचें जलद जहाज अफूच्या व्यापारांत नांवाजलेलें होतें. १८३७ मध्यें त्यांनीं खिदिरपूरच्या गोद्या विकत घेतल्या. १८३९ त त्यांनीं कलकत्त्यास अग्यारी बांधली, तिची इमारत एझ्रा स्ट्रीटवर अद्याप आहे. त्याच वर्षीं कँटनमध्यें आयुक्त लिन यानें अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त केल्या आणि युद्धाला तोंड लागलें. एका बाजूस अफूची पेटी, दुसऱ्या बाजूस आंब्यांची पेटी. इतिहासकारानें दोन्ही उघडाव्या. बनाजी घराण्याचा मोठेपणा त्यामुळें कमी होतो असें आम्हांस वाटत नाहीं, परंतु एकच पेटी दाखवून दुसरी लपविणें हें आमचें काम नव्हे. मुंबईंतील आणि कलकत्त्यांतील त्या काळच्या बहुतेक मोठ्या पेढ्यांची, मग त्या पारशांच्या असोत, गुजराथी वाण्यांच्या असोत कीं स्कॉच साहेबांच्या असोत, हीच कथा आहे.

सावकारीचेंहि तसेंच. १८४० त बँक ऑफ बाँबे निघेपर्यंत मुंबईंत पेढी व बँक यांत स्पष्ट भेद नव्हता. व्यापारीच ठेवी ठेवी, हुंडी लिही, जहाजावर पैसे लावी व विम्याची जोखीमहि उचली. कलकत्त्यांत याहून पुढची पायरी गांठली गेली होती. द्वारकानाथ ठाकूर यांच्या पुढाकारानें १८२९ त निघालेल्या युनियन बँकेच्या कारभाऱ्यांत रुस्तमजी होते. नीळ पिकविणाऱ्या व निर्गत करणाऱ्या पेढ्यांस या बँकेनें हात सैल सोडून कर्जें दिलीं. १८४७-४८ च्या व्यापारी अरिष्टांत लंडनमधील पेढ्या कोसळल्या, निळीचे भाव पडले, बँक बुडाली आणि तिच्याबरोबर रुस्तमजींची संपत्तिहि बुडाली. १८५२ त ते वारले. येथें एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहात नाहीं. मुंबईच्या भावानें पवईस निळीचा कारखाना घातला आणि कलकत्त्याच्या भावास निळीच्या कर्जानें बुडविलें. पण पहिल्याची नीळ जमिनींत होती, दुसऱ्याची कागदावर.

धर्मकृत्यांविषयीं लिहितांना तारखांचा मुद्दा येतो, आणि हस्तलिखितें जमविणाऱ्यांस त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. तिघां बंधूंनीं पित्याच्या स्मरणार्थ मुंबईंत चर्नी रोडच्या भागांत आतशबेहराम बांधला, त्याची प्रतिष्ठा १८४५ च्या डिसेंबरांत झाली. हा आतशबेहराम कदमी पंथाचा आहे. पारशांत शहेनशाही व कदमी असे जे दोन पंथ आहेत त्यांतील वाद धर्मतत्त्वांचा नसून कालगणनेचा आहे. १७४५ च्या सुमारास सुरतेस कांहीं मंडळींनीं इराणची गणना प्रमाण मानली, ती येथल्या गणनेहून एक महिना पुढें होती. दोन्ही गणनांत वर्ष ३६५ दिवसांचें व लीप दिवस नाहीं, म्हणून इसवी तारखेशीं दोहोंचेंहि नातें दर चार वर्षांनीं एक दिवस सरकतें. मात्र दोहोंमधलें अंतर बरोबर तीस दिवसांचें राहतें. अर्थात् एखाद्या गुजराथी पत्रावर केवळ रोज व माह दिलेला असेल, तर तो कदमी धरावा कीं शहेनशाही हें आधीं ठरवावें लागतें. नाहीं तर उत्तर लिहिलेलें पत्र मूळ पत्राच्या आधींचें ठरण्याचा प्रसंग येतो. बनाजी घराण्याच्या कागदांस कदमी गणना लावावी. ज्या व्यापाऱ्यांशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला ते बहुतेक शहेनशाही असल्यामुळें एकाच पुडक्यांतील पत्रांस दोन वेगळीं कोष्टकें लावावीं लागणें अगदीं संभवनीय आहे.

मुंबई शहरांत फ्रामजी शेटांचें नांव राहिलें तें पाण्याच्या नात्यानें. शहरांत पिण्याच्या पाण्याची ओरड असतां मुगभाटांतील आपल्या वाडीच्या विहिरींचें पाणी त्यांनीं स्वखर्चानें एस्प्लनेडच्या बाजूच्या तलावांत आणून सोडलें, म्हणून त्या तलावास त्यांचें नांव मिळालें. १८३४ त पहिल्यानेंच हिंदी गृहस्थांस शहराचे जस्टिस ऑफ दि पीस नेमलें, त्यांत जमशेटजी जिजीभाई, जगन्नाथ शंकरशेट, ढाकजी दादाजी यांच्याबरोबर फ्रामजी कावसजी होते. १८५१ च्या फेब्रुवारींत त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या स्मारकासाठीं पुढच्या वर्षीं निधि जमविला गेला. त्यांत आणखी वर्गणीची भर पडून त्याच तलावाशेजारीं फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची इमारत उठली. मुंबईंतील कित्येक सार्वजनिक सभा व व्याख्यानें तेथें झालीं. तलाव बुजला, नांव इमारतीवर राहिलें.

पवईसहि त्यांच्या मागें पाण्यानेंच गांठलें, पण उलट्या रीतीनें. विहारचा तलाव १८६० त व तुळशीचा १८७९ त पुरा झाला. त्यानंतर १८९० च्या सुमारास पवईच्या ओढ्यावर बांध घालून आणखी एक तलाव करण्यांत आला. त्याचें पाणी पिण्यास योग्य ठरलें नाहीं, म्हणून शहराच्या पुरवठ्यांतून तें लवकरच वगळलें गेलें. या तलावाखालीं जी जमीन गेली ती जुन्या इलाक्यांतली. १८५३ त मुंबई ते ठाणें आगगाडी सुरू झाली, ती याच इलाक्याच्या पूर्वेकडून गेली. फ्रामजींनीं १८३० च्या दशकांत मिळविलेल्या विक्रोळीचा मोठा भाग १९४० च्या दशकांत गोदरेज यांच्याकडे गेला. तेथें बागेच्या जागीं कारखाने उभे राहिले. १९५८ त पवईस तंत्रविद्येची संस्था निघाली. तिच्या आवाराजवळ असलेल्या पद्मावतीच्या देवळावरूनच पवई हें नांव आलें, असें लोक सांगतात.

कौलाचे शब्द मात्र मेले नाहींत. वर सांगितलेल्या १९५१ च्या कायद्यानें साष्टीच्या इलाकेदारांची महसूलमाफी गेली; त्यांत आणखी असें कलम आहे कीं, कौलानें मिळालेल्या पडीक जमिनींपैकीं जी १४ ऑगस्ट १९५१ पूर्वीं उपयोगांत किंवा लागवडीखालीं आणलेली नसेल ती सरकारची व्हावी. म्हणजे सव्वाशें वर्षांपूर्वीं व्यापाऱ्यानें विहीर खणली कीं नाहीं, अमुक वरकस माळावर गवत कापलें जाई कीं नाहीं, हा प्रश्न एकाएकीं कोट्यवधि रुपयांचा झाला. साष्टींतील इलाक्यांवरून न्यायालयांत जे वाद पुढें दशकानुदशकें चालले, त्यांत जुने नकाशे, पावत्या व कबुलायती पुराव्यांत मांडल्या गेल्या. ज्या कागदास कोणी रद्दीच्या भावानेंहि विचारीत नव्हतें, तो वकिलाच्या हातीं पडतांच मोलाचा झाला. यांत संशोधनाचें नुकसानहि आहे. दाव्याच्या फायलींत गेलेला कागद सहसा संग्रहांत परत येत नाहीं, आणि ज्यास पुराव्याचें मोल नाहीं असें वकिलास वाटलें तो तर केव्हांच फेकला गेलेला असतो. नेमका तोच आम्हांस हवा असतो. कुळांनीं दिलेल्या साऱ्याची चिठ्ठी, विहिरीच्या मजुरीचा ताळा, उंसाच्या गाड्यांची मोजदाद, यांवरून पवईच्या जमिनींत प्रत्यक्ष राबलेल्या मनुष्यांचीं नांवें कळतात; मालकमच्या टिपणांत तीं नाहींत, आणि चरित्रांतहि नाहींत.

यास्तव संग्राहकांसाठीं पवईचा कागद ओळखण्याच्या कांहीं खुणा देतों. हिशेब गुजराथींत व सरकारी देशी पत्रव्यवहार मोडींत, अशी साधारण विभागणी असते. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसल्यामुळें 'पवई' व 'साकी' हे शब्द घाईच्या हातांत भलतेच वाचले जातात. शेजारीं तिरंदाज किंवा पासपोली हें नांव आलें तर मात्र शंका उरत नाहीं, कारण तशीं गांवांचीं नांवें आसपास दुसरीं नाहींत. कोपरीविषयीं सावध असावें. ठाण्यास लागून एक कोपरी आहे ती निराळी. पवईच्या इलाक्यांतली ती कोपरी खुर्द, आणि 'खुर्द' हा शब्द कागदांत पुष्कळदां गाळलेला असतो. तुंगवें हें गांव म्हणून येईल तसें नुसती पडीक जमीन म्हणूनहि येईल. फ्रामजी कावसजी हें नांव १८२९ च्या आधींच्या तारखेच्या कागदावर पवईच्या संबंधानें आलें, तर तारीख अथवा माणूस यांपैकीं एक चुकीचें समजावें. १७९९ ते १८२९ मधील कागदावर स्कॉटचें, त्याच्या मुखत्यारांचें किंवा कलेक्टरचें नांव असावयास पाहिजे. असा कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं तो वाळवीपासून व वकिलापासून जपावा, आणि त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. कागदाच्या पाठीवरील शेरे व हिशेबाचे आंकडेहि नकलेंत उतरवून घ्यावे.